जॅमिंगपासून बचाव हवा असेल तर वेग सोडावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेची किनाऱ्यावरची आणि डोंगराळ भागातली केंद्रे व्हीसॅटने, म्हणजे छोट्या डिशच्या उपग्रह जोडणीने, जोडलेली आहेत. हब (सगळ्यांना जोडणारे मुख्य केंद्र) एकच, उपग्रह भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारा), बँड म्हणजे फ्रीक्वेन्सीचा पट्टा केयू. सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे. उद्या कुणी मुद्दाम सिग्नल जॅम केला तर हे एन्क्रिप्शन पुरेल का? आणि पुरणार नसेल तर काय करावे?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: नाही पुरणार. एन्क्रिप्शनमुळे तुमचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही, पण तो पोहोचेलच याची हमी त्यातून मिळत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून तुम्ही सांकेतिक भाषेत बोललात, तर गुपित फुटणार नाही हे खरे. पण ज्याला सांगायचे आहे त्यालाही काही ऐकू येणार नाही. जॅमर चालवणाऱ्याला तुमचे बोलणे समजून घ्यायचेच नसते. एन्क्रिप्शनचा उपयोग जॅमिंगच्या बचावात होतो, पण तो दुसऱ्या जागी: फ्रीक्वेन्सी कोणत्या क्रमाने बदलायची तो क्रम गुप्त ठेवायला, आणि उपग्रहाला जाणाऱ्या आज्ञा खऱ्या मालकाच्याच आहेत याची खातरजमा करायला.

दुसऱ्या भागाचे उत्तर लांब आहे, कारण जॅमिंग ही मुळात ताकदीची झुंज आहे. आपले बहुतेक व्यापारी उपग्रह, आपल्या भाषेत सांगायचे तर, ‘पारदर्शक’ असतात. खालून आलेले जे काही असेल ते घेतात, फ्रीक्वेन्सी बदलतात, मोठे करतात आणि परत खाली पाठवतात. आलेला सिग्नल तुमचा की चोराचा, हे ट्रान्सपाँडरला, म्हणजे उपग्रहावरच्या या घेऊन-परत-पाठवणाऱ्या यंत्राला, कळत नाही. त्यामुळे जॅमर तुमच्या शेजारी असण्याची गरजच नाही. उपग्रह जमिनीवरच्या ज्या टापूतून सिग्नल घेतो त्या अपलिंक बीममध्ये तो कुठेही, दीड-दोन हजार किलोमीटरवर बसलेला असला तरी चालते. शिवाय ट्रान्सपाँडरच्या अॅम्प्लिफायरची ताकद मर्यादित असते. जॅमरने त्याला संपृक्त केले, म्हणजे क्षमतेच्या टोकाला नेले, की ती ताकद जॅमरच्याच सिग्नलवर खर्च होते आणि तुमचा कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारा सिग्नल, दबून जातो.

ही झुंज कशी दिसते याचे जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. २७ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्री जॉन मॅकडुगल नावाच्या माणसाने फ्लोरिडातल्या ओकाला इथल्या अपलिंक केंद्रावरून गॅलेक्सी-१ उपग्रहावरच्या एचबीओ वाहिनीवर आपला सिग्नल चढवला आणि ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाने मासिक शुल्काविरुद्धचा निषेध पडद्यावर झळकवला. एचबीओच्या तंत्रज्ञाने आपली पॉवर वाढवली, त्यानेही वाढवली. उपग्रहाला इजा होईल या भीतीने शेवटी वाहिनीने माघार घेतली. हा प्रकार जेमतेम साडेचार मिनिटे चालला. हे करणारा कोणी परका हेर नव्हता, उपग्रह केंद्रात कामाला असलेला माणूस होता. पॉवर वाढवून उत्तर देणे हा आपल्याही हबमध्ये सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय असतो. तो फार तर काही डेसिबल (ताकदीची पट मोजण्याचे एकक; १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट) मिळवून देतो आणि वर शेजारच्या कॅरिअरना त्रास.

पण त्याआधी एक गोष्ट. हे खरोखर जॅमिंग आहे का?

माझ्या अनुभवात ‘जॅमिंग झाले’ म्हणून आलेले बहुतेक फोन शेवटी दुसरेच काही निघतात. कुणाच्या तरी डिशचे ध्रुवीकरण (लहरीची उभी-आडवी दिशा) नीट जुळवलेले नसते आणि त्याचा कॅरिअर उलट्या ध्रुवीकरणावर सांडतो. कुठल्यातरी बीयूसीच्या (डिशवरून सिग्नल वर पाठवणाऱ्या यंत्राच्या) केबलचे कवच खराब होऊन जवळच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल त्यात शिरतो आणि थेट उपग्रहावर जातो. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य डिशच्या रेषेत येतो आणि रोज ठरावीक वेळी काही मिनिटे लिंक जाते. कोकणातल्या पावसात केयू बँड बसतो, हे तर तिथल्या प्रत्येक केंद्रचालकाला ठाऊक आहे. सी बँड असेल तर जवळच्या ५जी टॉवरमुळे एलएनबी (डिशवरचा सिग्नल घेणारा भाग) संपृक्त होऊ शकतो. त्याला उत्तर म्हणजे चांगला फिल्टर, पोलीस तक्रार नव्हे.

फरक कसा ओळखायचा ते सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. आधी उपग्रहाचा बीकन, म्हणजे तो स्वतः सतत पाठवत असलेला खुणेचा सिग्नल, बघा. बीकनही पडला असेल तर दोष तुमच्या आकाशात किंवा तुमच्या डिशमध्ये आहे. बीकन ठणठणीत आहे, स्पेक्ट्रम अॅनलायझरवर (फ्रीक्वेन्सीनुसार ताकद दाखवणाऱ्या यंत्रावर) तुमच्या आउटबाउंड कॅरिअरचा, म्हणजे हबकडून केंद्रांकडे जाणाऱ्या सिग्नलचा, आकारही नेहमीसारखा आहे, उंची उलट किंचित वाढलेलीच आहे, आणि तरीही रिमोटचे (दूरच्या केंद्रांवरच्या मॉडेमचे) सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे सिग्नल आणि गोंगाटाचे प्रमाण, कोसळले आहे, तर संशय घ्या. डिजिटल कॅरिअरखाली तेवढ्याच रुंदीचा दुसरा कॅरिअर लपला तर डोळ्यांना काही दिसत नाही. दोन्ही मिळून एकच सपाट डोंगर दिसतो. अशा वेळी उपग्रह कंपनीच्या नियंत्रण कक्षाला कळवून काही सेकंद आपला कॅरिअर बंद करायचा. हबमधला नवा इंजिनिअर हे करायला घाबरतो, आणि ते साहजिक आहे. पण रिमोट आधीच तुटलेले असतात, गमावण्यासारखे काही उरलेले नसते. तुमचा कॅरिअर गेल्यावर नॉइज फ्लोअर (नेहमीचा तळाचा गोंगाट) उघडा पडला तर अडचण तुमच्याच साखळीत आहे. तिथे अजून कुणीतरी उभा असेल तर त्याची मध्य फ्रीक्वेन्सी आणि रुंदी लगेच टिपून ठेवा. आता असे मॉनिटरिंग संचही मिळतात जे तुमचा कॅरिअर गणिताने वजा करून खालचा पाहुणा दाखवतात. ज्यांचे काम जोखमीचे आहे त्यांनी हा खर्च जरूर करावा.

हेतू सिद्ध करणारी खूण मात्र एकच आहे: तुम्ही जागा बदललीत आणि तो मागोमाग आला. चुकून चढलेला कॅरिअर तुमच्या मागे फिरत नाही.

आता खऱ्या जॅमिंगकडे. गणित मांडल्याशिवाय हा विषय समजत नाही, म्हणून एक साधे गणित करू. तुमच्या केंद्रावर १.२ मीटरची डिश आणि २ वॉटचा बीयूसी आहे. १४ गिगाहर्ट्झला त्याची उपग्रहाच्या दिशेने जाणारी ताकद साधारण ४६ डेसिबल-वॉट (एक वॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) होते. समोरच्याकडे साडेचार मीटरची डिश आणि २०० वॉटचा अॅम्प्लिफायर आहे असे धरा. टीव्हीच्या अपलिंक गाडीवरही याच जातीची सामग्री असते. त्याची ताकद ७७ डेसिबल-वॉटच्या आसपास. म्हणजे तो तुमच्यापेक्षा ३१ डेसिबलने, हजार पटींहून जास्त जोरात ओरडतो आहे. पॉवर वाढवून ही दरी भरायची तर तुम्हाला प्रत्येक केंद्रावर त्याच्याइतकेच मोठे यंत्र बसवावे लागेल.

त्याऐवजी सिग्नल पसरवायचा. थोडी माहिती खूप रुंद पट्ट्यावर पसरवली, आणि पसरवण्याचा सांकेतिक क्रम फक्त तुमच्या रिसीव्हरला ठाऊक असला, तर रिसीव्हर ती परत गोळा करतो; जॅमरची ताकद मात्र पसरून विरळ होते. यातून मिळणारा फायदा म्हणजे पट्ट्याची रुंदी भागिले माहितीचा वेग. वरच्या उदाहरणात ३१ डेसिबलची दरी, त्यावर डीकोडरला लागणारे ५ आणि थोडी राखीव जागा धरली तर ४० डेसिबल, म्हणजे १०,००० पट फायदा हवा. ३६ मेगाहर्ट्झचा अख्खा ट्रान्सपाँडर तुम्ही त्यासाठी वापरला तरी उरतो ३,६०० बिट प्रति सेकंद. संपूर्ण ट्रान्सपाँडर देऊन हाती येते एक दबक्या आवाजातले संभाषण किंवा मजकुराचे संदेश. तोही पूर्ण हिशेब नाही. जॅमरने एकच शुद्ध सूर लावून ट्रान्सपाँडर संपृक्त केला तर लहान सिग्नल आणखी ६ डेसिबलपर्यंत दबतो, आणि तुमचे ३,६०० चे ९०० होतात.

मला या उत्तरातून जे सांगायचे आहे ते हेच. जॅमिंगविरुद्धचा बचाव वेग मोजून विकत घ्यावा लागतो. ‘जॅमिंग-प्रूफ’ आणि ‘१०० एमबीपीएस’ हे दोन्ही एकाच पत्रकावर छापणाऱ्या विक्रेत्याला विचारा, की समोरचा किती डेसिबलने जोरात असताना किती वेग उरतो. आकडा दिला तर पुढे बोला.

लष्करी यंत्रणांनी ही किंमत उघडपणे मोजली आहे. अमेरिकेच्या मिल्स्टार मालिकेतला पहिला उपग्रह १९९४ मध्ये गेला. त्याचा अपलिंक ४४ गिगाहर्ट्झच्या आसपास, जिथे २ गिगाहर्ट्झ इतका रुंद पट्टा मिळतो, आणि त्याच्या मंद वाहिन्यांचा वेग ७५ ते २,४०० बिट प्रति सेकंद. २ गिगाहर्ट्झला ७५ ने भागा: ७४ डेसिबल. अब्जावधींच्या उपग्रहाने ७५ बिटचा वेग द्यावा हे ऐकून नवख्याला विचित्र वाटते. पण अणुयुद्धाच्या छायेतही एक आदेश पोहोचलाच पाहिजे, हे ज्यांचे काम होते त्यांनी विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता.

मिल्स्टारचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्या उपयोगाचे आहे. तो पारदर्शक नाही. आलेला सिग्नल तो उपग्रहावरच उलगडतो, फक्त खरा डेटा निवडतो आणि नव्याने खाली पाठवतो. जॅमरचा गोंगाट वरच गळून पडतो, खालच्या अॅम्प्लिफायरची ताकद खात नाही. यात एक फायदा असा आहे जो सहसा कुणी सांगत नाही: पारदर्शक उपग्रहावर जॅमर स्वतःचा परिणाम डाउनलिंकवर बघू शकतो. फ्रीक्वेन्सी जुळली का, पॉवर पुरली का, तुम्ही कुठे पळालात, हे सगळे त्याला पाव सेकंदात समोर दिसते. उपग्रहावरच प्रक्रिया होत असेल तर तो आंधळा होतो. तुमचा अपलिंक अरुंद बीमने वर जात असल्याने जमिनीवरून त्याला तो ऐकू येत नाही, आणि खाली येणाऱ्या सिग्नलमध्ये त्याच्या प्रयत्नांची खूण नसते.

वेग न गमावता बचाव मिळवण्याची मोठी जागा म्हणजे अँटेना. उपग्रहावरची अँटेना अनेक घटकांची असेल तर तिच्या बीममध्ये जॅमरच्या दिशेला खड्डा पाडता येतो. २० डेसिबलचा खड्डा पडला तर वरच्या गणितातले ३,६०० बिट ३,६०,००० होतात. पण जॅमर आणि तुमचे केंद्र उपग्रहावरून वेगवेगळे दिसले पाहिजेत. भूस्थिर कक्षा ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथून १४ गिगाहर्ट्झला अडीच मीटरच्या अँटेनाचा बीम जमिनीवर जवळपास पावणेचारशे किलोमीटर पसरतो. जॅमर तुमच्यापासून ५० किलोमीटरवर असेल तर खड्ड्यात तुम्हीही पडाल. तीच अँटेना ४४ गिगाहर्ट्झला वापरली तर बीम सव्वाशे किलोमीटरच्या आत येतो. वरच्या बँडकडे जाण्याचे हे मोठे कारण आहे, आणि त्याची किंमत पावसात मोजावी लागते.

नागरी क्षेत्रात यातले काय आले? बीबीसीची पर्शियन वाहिनी हे अभ्यासण्यासारखे प्रकरण आहे. जून २००९ च्या इराणी निवडणुकीनंतर हॉटबर्ड उपग्रहांवरच्या या वाहिनीचा अपलिंक वारंवार जॅम झाला. उगम इराणात असल्याचे शोधले गेले, आणि मार्च २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने इराणला हे थांबवायला सांगितले. जॅमिंग त्यानंतरही होत राहिले, कारण संघाकडे दंड करण्याचा अधिकारच नाही. हॉटबर्ड चालवणाऱ्या युटेलसॅट कंपनीने मग तांत्रिक वाट धरली. ऑगस्ट २०१५ मध्ये सोडलेल्या ‘युटेलसॅट ८ वेस्ट बी’वर असे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर बसवले, की जॅमिंग झाले तर अपलिंकची फ्रीक्वेन्सी बदलता येते आणि घरोघरच्या डिशला येणारी डाउनलिंक फ्रीक्वेन्सी तीच राहते. प्रेक्षकाला काही करावे लागत नाही. मला हा उपाय फार आवडतो. प्रक्षेपणात लाखो रिसीव्हर असतात, त्यांना हलवता येत नाही. म्हणून हलवता येणारी एकच बाजू हलती केली.

धोका जुना झालेला नाही. मार्च २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये लहान मुलांच्या बेबी टीव्ही वाहिनीवर अचानक रशियन प्रचाराची दृश्ये दिसली. जूनमध्ये दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमन मंडळासमोर युक्रेन, स्वीडन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गच्या तक्रारी आल्या, आणि उगम मॉस्को, कॅलिनिनग्राद व पाव्हलोव्हका परिसरातल्या भूकेंद्रांत असल्याचे मंडळाने नोंदवले.

उगम शोधतात कसा? जॅमरच्या डिशमधून बराचसा सिग्नल तुमच्या उपग्रहाकडे जातो, पण थोडा शेजारच्या उपग्रहाकडेही गळतो. दोन्हीकडून आलेल्या सिग्नलमधला वेळेचा आणि डॉप्लरचा (उपग्रहाच्या हालचालीमुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा) फरक मोजला की जमिनीवर दोन रेषा मिळतात, त्या छेदतात तिथे तो असतो. अचूकता काही किलोमीटरपासून कित्येक दहा किलोमीटरपर्यंत. डिश मोठी असेल तर गळती कमी, म्हणून तो सापडायला अवघड. काही सेकंदांचे फटके मारणारा तर आणखी अवघड. आपल्याकडे केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचे उपग्रह संनिरीक्षण केंद्र जालन्याला आहे. तक्रार करताना वेळ, फ्रीक्वेन्सी, ध्रुवीकरण आणि स्पेक्ट्रमची चित्रे जोडलेली असतील तरच पुढे काही घडते. ‘लिंक डाउन होती’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.

डाउनलिंकचे जॅमिंग वेगळे. त्यात जॅमर तुमच्या डिशच्या जवळ असावा लागतो आणि तो बाजूच्या लोबमधून, म्हणजे डिश मुख्य दिशेशिवाय जिथून थोडेफार ऐकते तिथून, शिरतो. चांगली डिश मुख्य दिशेच्या तुलनेत मागच्या दिशेला जवळपास ५० डेसिबल कमी ऐकते, त्यामुळे इथे जागा निवडूनच अर्धी लढाई जिंकता येते. डिश गच्चीच्या टोकावर मिरवण्याऐवजी खाली, भिंतीच्या किंवा मातीच्या बांधाच्या आडोशाला ठेवा. उपग्रहाची दिशा मोकळी असली की पुरे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा महत्त्वाचा विचार होता, आणि जवळच आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाचे विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. डोंगरांचा आडोसा हा फुकट मिळणारा फिल्टर आहे.

‘स्टारलिंक घेतले तर प्रश्न सुटेल का’ असे हल्ली प्रत्येक बैठकीत विचारतात. साडेपाचशे किलोमीटरवरचे, सतत बदलणारे अनेक उपग्रह आणि इलेक्ट्रॉनिक रीतीने वळणारा अरुंद बीम, यामुळे एका जागी बसून जॅम करणे नक्कीच कठीण होते. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या जॅमिंगला कंपनीने सॉफ्टवेअर बदलून झटपट उत्तर दिले, याचे अमेरिकी संरक्षण खात्यानेही कौतुक केले. पण मे २०२४ मध्ये खारकिव्हच्या आघाडीवर सेवा विस्कळीत झाल्याचे युक्रेनी अधिकाऱ्यांनी सांगितलेच. शिवाय टर्मिनल आपली जागा जीपीएसवरून ओळखते, आणि जीपीएसचा सिग्नल जॅम करायला फार छोटे यंत्र पुरते. तुमच्या हबलाही वेळ आणि संदर्भ फ्रीक्वेन्सी जीपीएसकडूनच मिळते. जीपीएस गेल्यावर हब किती तास तग धरेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याने आधी एक चांगला रुबिडियम ऑसिलेटर (जीपीएसशिवायही अचूक वेळ धरून ठेवणारे यंत्र) घ्यावा.

आणि सगळा खर्च जॅमिंगवरच करू नका. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे केए-सॅट या युरोपातल्या इंटरनेट उपग्रहाचे हजारो मॉडेम निकामी झाले आणि जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्क तुटला. त्यात एकही जॅमर नव्हता. हल्लेखोर व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधून शिरले होते.

तुमच्या संस्थेपुरते बोलायचे तर सर्वांत कमकुवत दुवा तुमचा एकुलता एक आउटबाउंड कॅरिअर आहे. तो जॅम झाला की सगळी केंद्रे एकदम आंधळी होतात, आणि ‘दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर या’ हे सांगायलाही वाट उरत नाही. म्हणून पर्यायी फ्रीक्वेन्सींची यादी प्रत्येक रिमोटमध्ये आधीच भरलेली हवी: इतकी मिनिटे सिग्नल नाही, तर क्रमाने पुढच्या जागी शोध. पर्याय त्याच उपग्रहावर, त्याच ध्रुवीकरणावर, वेगळ्या ट्रान्सपाँडरवर घ्या. ध्रुवीकरण बदलायचे तर कुणाला तरी डिशसमोरचा फीड (सिग्नल घेणारे-सोडणारे तोंड) फिरवायला जावे लागते, उपग्रह बदलायचा तर डिश हलवावी लागते. जी केंद्रे खरोखर महत्त्वाची आहेत तिथे दुसरी छोटी डिश वेगळ्या उपग्रहावर किंवा वेगळ्या कक्षेवर कायम रोखून ठेवा. उपग्रह कंपनीशी करारातच लिहून घ्या, की पर्यायी जागा किती मिनिटांत मिळेल आणि नियंत्रण कक्षातला कोणता माणूस रात्री दोन वाजता फोन उचलेल.

मग बसून ठरवा, की २,४०० बिटमध्ये तुम्ही काय पाठवाल. किनाऱ्यावरच्या केंद्रासाठी ते कदाचित वादळाचा इशारा, बोटींची हजेरी आणि एक छोटा संदेश असेल. व्हिडिओ, मेल, हजेरीचे बायोमेट्रिक हे सगळे त्या वेळी आपोआप बंद पडले पाहिजे. नाहीतर उरलेली चिमूटभर वाट विंडोजचे अपडेटच अडवून बसेल. मॉडेम पसरवलेल्या सिग्नलचा मंद मोड देतो का हे खरेदीच्या वेळीच विचारा. नंतर तो परवान्यासह घ्यायला भारी पडतो.

हे सगळे झाल्यावर कामाच्या एखाद्या दिवशी, केंद्रांना वेळ न सांगता, आउटबाउंड बंद करा. पर्यायी जागी कोणती केंद्रे परतली आणि कोणती नाही त्याची यादी करा. न परतलेल्यांपैकी काहींत जुनी कॉन्फिगरेशन फाइल निघेल, काहींच्या बीयूसीची फ्रीक्वेन्सीची मर्यादा आड येईल, काही ठिकाणी मॉडेम रीस्टार्ट करायला कपाटाची किल्लीच नसेल. या तिन्ही गोष्टी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. तिन्ही एका फेरीत दुरुस्त होतात. ती फेरी पावसाळ्याआधी करा.